सावली न पडणारा उजेड

स्वीडनच्या उत्तरेकडील एका चर्चमध्ये दोन माणसे रिकाम्या बाकावर बसून आहेत. दोघेही प्रार्थनेसाठी आलेले नाहीत. सकाळी अकरा ते दुपारी दोन, एवढा वेळ ती भिंतीकडे, वेदीकडे आणि खिडकीकडे नुसती पाहत राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात, दुसऱ्या चर्चमध्ये जातात, आणि हा क्रम काही आठवडे चालतो. त्यांपैकी एक इंगमार बर्गमन हा दिग्दर्शक आणि दुसरा स्वेन नीक्विस्ट हा त्याचा छायालेखक. बर्गमनच्या मनात एक चित्रपट होता. हिवाळ्यातील एका रविवारी, दुपारच्या अवघ्या तीन तासांत, बव्हंशी चर्चमध्ये घडणारा. ते ऐकून नीक्विस्ट म्हणाला होता की, मग माझे काम सोपे आहे. ढगाळ आकाश, तीन तासांचा अवधी, त्यात उजेड असा कितीसा बदलणार? बर्गमन म्हणाला, तुला तसे वाटते, चल, पाहू. आणि पाहिल्यावर नीक्विस्टच्या ध्यानात आले की त्या तीन तासांत उजेड एकसारखा बदलत असतो. बदलत नाही ते आपले लक्ष.

त्या निरीक्षणातून १९६३ साली पडद्यावर आलेला चित्रपट म्हणजे 'विंटर लाइट'. स्वीडिश भाषेतील त्याच्या मूळ नावाचा अर्थ 'प्रभुभोजनास आलेले पाहुणे' असा आहे. आपल्याकडे इंग्रजी नावच रूढ झाले आणि या लेखापुरते ते अधिक सोयीचे आहे, कारण मला येथे बोलायचे आहे ते उजेडाविषयीच.

चित्रपट पाहून घरी परतताना आपण कथेविषयी बोलतो, नटनट्यांविषयी बोलतो, गाणी असली तर ती गुणगुणतो. मग कोणीतरी शेवटी म्हणतो, "फोटोग्राफी मात्र छान होती हं!" या वाक्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की डोंगर हिरवेगार होते, समुद्र निळा होता आणि नायिका सुंदर दिसत होती. डोंगर हिरवा असण्याचे श्रेय पावसाला द्यावे, छायालेखकाला नव्हे. त्याची खरी कसोटी एखाद्या साध्या खोलीत लागते. चार भिंती, एक खिडकी आणि एक माणूस. उजेड कोठून येतो आहे, किती येतो आहे, आणि त्या माणसाच्या आयुष्याशी त्याचे काही नाते आहे की नाही? बहुतेक चित्रपटांत या प्रश्नांचे उत्तर मिळत नाही. झोपडीत एक चिमणी मिणमिणत असते आणि नायिकेच्या गालावर मात्र पाच बाजूंनी प्रकाश पडलेला असतो. आपण ते मुकाट्याने मान्य करतो, कारण लहानपणापासून तेच पाहत आलो आहोत.

येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. दुपारच्या उन्हात अंगणात उभे राहिलो की आपली सावली काळीकुट्ट, कापून काढल्यासारखी पडते. तेथून उठून ओटीवर येऊन बसलो की सावली जवळजवळ नाहीशी होते, पण उजेड असतोच; वर्तमानपत्र सहज वाचता येते. कारण अंगणात उजेड एका बिंदूतून, सूर्यातून, थेट येतो आणि ओटीवर तो साऱ्या आकाशातून, समोरच्या भिंतीवरून, जमिनीवरून परावर्तित होऊन येतो. उगम जितका विस्तीर्ण, तितकी सावली मऊ. चित्रपटाच्या स्टुडिओतील दिवे मात्र अंगणातल्या सूर्यासारखे. ते सरळ अंगावर येतात, नाकाची सावली गालावर टाकतात. ती पुसायला दुसरा दिवा लावावा लागतो आणि दुसऱ्याची सावली पुसायला तिसरा. त्या काळची फिल्म मंद असे, तिला उजेड भरपूर लागे, म्हणून दिवे रोखून मारण्याची पद्धत पडली. कालांतराने गरज ओसरली तरी पद्धत राहिली.

ही पद्धत मोडणाऱ्यांत नीक्विस्टचे नाव जगभर घेतले जाते. पण त्याच्याही कित्येक वर्षे आधी आपल्या देशात एका माणसाने ती मोडली होती, आणि त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र. जाँ रन्वार हा फ्रेंच दिग्दर्शक बंगालमध्ये 'द रिव्हर'चे चित्रीकरण करीत होता, तेव्हा हा तरुण तेथे काम मागायला गेला. काम मिळाले नाही. बाजूला उभे राहून पाहण्याची परवानगी तेवढी मिळाली. त्याने वही काढली आणि दिवा कोठे, कॅमेरा कोठे, कोण कोठून चालत आले, याची चित्रे व टिपणे करीत राहिला. पुढे पुढे तर चित्रपटाचे छायालेखक क्लोद रन्वार हेच आदल्या दिवशीचा प्रकाश कसा होता हे ताडून पाहण्यासाठी त्याची वही मागू लागले. 'पथेर पांचाली'चे काम सुरू झाले तेव्हा मित्र जेमतेम बाविशीचे होते आणि त्यापूर्वी त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा चालवलेला नव्हता.

'अपराजितो' हा १९५६ चा चित्रपट. त्यातील हरिहर आणि सर्वजया हे दांपत्य काशीला एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड करते. मध्ये चौक, भोवती खोल्या. अशा चौकात ऊन थेट उतरत नाही. वरच्या आकाशाच्या तुकड्यातून जो काही उजेड झिरपेल तोच. कलादिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांचा बेत हा वाडा उघड्यावर उभारण्याचा होता, पण पावसाच्या भीतीने तो कोलकात्याच्या स्टुडिओत, छपराखाली उभारावा लागला. मित्र यांनी विरोध केला. आकाशाचा तो सावली न पाडणारा उजेड स्टुडिओतील दिव्यांनी आणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकले गेले नाही, तेव्हा त्यांनी वाद सोडून उपाय शोधला. चौकाच्या वर पांढरे कापड ताणून बसवले, दिवे खाली ठेवून त्यांची तोंडे वर, त्या कापडाकडे वळवली. कापडावर आपटून उजेड खाली उतरला आणि काशीच्या चौकात उतरतो तसाच उतरला. सर्वजया तेथे भांडी घासते, पाणी भरते, तेव्हा ती स्टुडिओत आहे असे आजही कोणाला सांगून पटणार नाही. करुणा बॅनर्जींच्या त्या चेहऱ्यावर कोणी दिवा लावला आहे असे वाटत नाही; तेथे दुपार आहे, इतकेच जाणवते.

एक मीटर-दोन मीटर कापडाची ही युक्ती किरकोळ वाटेल. परंतु तिच्यामागे एक नीती आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. दृश्यात ज्या जागी उजेड यायला कारण नाही तेथे तो आणायचा नाही, मग नट कितीही नामवंत असो.

आता 'विंटर लाइट'कडे वळतो. चर्चचे नेपथ्य उभारताना नीक्विस्टने नेपथ्यकार पी. ए. लुंडग्रेन यांना एक विलक्षण विनंती केली: चर्चला छत घाला. स्टुडिओतील नेपथ्याला सहसा छत नसते, कारण वरून दिवे टांगायचे असतात. नीक्विस्टने स्वतःच्या हाताने स्वतःची ती वाट बंद केली. दिवे टांगायला जागाच नको, म्हणजे मोह होणार नाही! मग परावर्तित प्रकाशावाचून गत्यंतर उरले नाही. ढगाळ दिवशी चर्चच्या आत सावली पडायला काही कारण नाही, तेव्हा ती पडता कामा नये, हा नियम त्याने अखेरपर्यंत पाळला. (हा माणूस बेल्जियन काँगोत काम करणाऱ्या ल्यूथरन मिशनरी दांपत्याचा मुलगा. १९९७ साली त्याने आठवणींचे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचाच अर्थ 'प्रकाशाविषयी आदर' असा आहे. मिशनरी घरातील शिस्त कोठे कशी उगवेल, सांगता येत नाही.)

कथा अशी. टोमास हा एका लहानशा ल्यूथरन चर्चचा पाळक. पत्नी वारलेली, अंगात ताप, नाक वाहते आहे. समोर मोजकेच लोक आणि तो प्रभुभोजनाचा विधी करतो आहे. विधी संपल्यावर योनास नावाचा कोळी पत्नीसह भेटायला येतो. चीन अणुबॉम्ब बनवणार या बातमीने त्याच्या मनात धास्ती भरली आहे, जगण्यात अर्थ वाटत नाही. त्याला धीर देण्याऐवजी टोमास स्वतःच्याच शंकांचा पाढा वाचत सुटतो. योनास निघून जातो आणि नदीकाठी स्वतःला गोळी घालून घेतो. मार्टा ही शिक्षिका टोमासवर प्रेम करते. तो तिला अपमानित करतो. दुपारी तीनच्या सुमारास दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये सायंप्रार्थना आहे. तेथे कोणी आलेले नाही. चित्रपट तेथे संपतो.

सारांश वाचून आपल्याला वाटेल की हे किती उदास! आहेच. पण सारांशात उजेड येत नाही. आरंभीचा प्रभुभोजनाचा प्रसंग पाहा. वेदीपुढे गुडघे टेकलेल्या चार-सहा माणसांचे चेहरे कॅमेरा एकेक करून दाखवतो. कोणावर जादा प्रकाश नाही. वेदीवर जो उजेड, तोच रिकाम्या बाकांवर, तोच पाळकाच्या लाल झालेल्या नाकावर. पवित्र वस्तू उजळ आणि सामान्य वस्तू अंधुक, ही वाटणी येथे नाही. मिस्सा अर्पण करताना वेदीमागे उभ्या राहणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना हे दृश्य चांगलेच ओळखीचे आहे. सकाळच्या सहाच्या मिस्सेला, पावसाळ्यात, समोर मोजकी वृद्ध माणसे असतात तेव्हा उजेड नेमका असाच असतो, आणि पवित्र मिस्सा त्याने कमी पवित्र होत नाही.

मार्टाच्या पत्राचा प्रसंग तर छायालेखनाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. टोमास तिचे लांबलचक पत्र उघडतो आणि पडद्यावर मार्टाचा चेहरा येतो. इंग्रिड थुलिन थेट आपल्याकडे पाहत ते पत्र कित्येक मिनिटे बोलत राहते. मध्ये एका आठवणीपुरता खंड, बाकी फक्त चेहरा. तिच्या हातांना, कपाळाला इसब झाले होते, तेव्हा टोमासला तिची किळस आली, तिच्यासाठी प्रार्थनाही त्याला करवली नाही, हे ती सांगते. एवढा वेळ एकच चेहरा पाहायचा तर एखादा छायालेखक त्याला नटवील: डोळ्यांत चमक, केसांमागे प्रकाशाची कड. नीक्विस्ट काहीच करीत नाही. त्या समान, सौम्य उजेडात लपायला सावली नाही. ना मार्टाला, ना आपल्याला. आपल्या धर्मग्रामातील किती माणसांचे बोलणे आपण इतका वेळ, त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकून घेतले असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आता एक आक्षेप. योनास गेल्यानंतर टोमास खिडकीपाशी उभा आहे. देवा, तू मला का टाकलेस, अशा आशयाचे उद्गार त्याच्या तोंडून निघतात आणि त्याच वेळी खिडकीतून उजेड एकदम वाढतो. त्याचा चेहरा न्हाऊन निघतो. बहुतेक समीक्षक या क्षणाची वाखाणणी करतात. माझे मत किंचित निराळे आहे. संबंध चित्रपटात उजेड आपल्या मर्जीने येतो, येथे मात्र तो दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून आल्याचा वास येतो. नेमक्या त्या वाक्याला ढग बाजूला व्हावेत, हा योगायोग नाटकातला आहे. तरीही दृश्य कोसळत नाही, ते नीक्विस्टमुळे. ती खिडकी आपण बराच वेळ पाहत असतो, तिच्यातून येणारा करडा उजेड ओळखीचा झालेला असतो, हिवाळ्यात सूर्य असा घटकाभर डोकावतो हेही खरेच. शिवाय त्या उजेडाचा अर्थ तो सांगत नाही. टोमासला वाटते की आपण मुक्त झालो, देव नाहीच. आणि त्याच्या तोंडावर आकाश उजळलेले असते. पाहणाऱ्याने काय ते समजावे.

आपल्या भक्तिपटांना हे अर्थ न सांगणे कधी साधत नाही. संत पडद्यावर आला की मस्तकामागे दिवा लागलाच पाहिजे. या प्रथेचे मूळ बरेच जुने आहे. येशूचे चरित्र आणि चलच्चित्र यांची सांगड तर अगदी आरंभीच पडली. १९११ साली, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील तंबूवजा चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांनी 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला आणि त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मला, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. पुढे १९२७ मध्ये सेसिल डीमिल याने 'द किंग ऑफ किंग्ज' काढला. त्यात दिव्य तेजाचा सुकाळ आहे, पण एक प्रसंग मी कोणाही आधुनिक दिग्दर्शकाला अभ्यासायला देईन. प्रभू येशूचे पहिले दर्शन आपल्याला एका आंधळ्या मुलीच्या डोळ्यांतून होते. आधी काळोख, मग नुसता प्रकाश, आणि त्या प्रकाशातून हळूहळू आकार घेणारा चेहरा. तेथे तेजाला कारण आहे: जन्मांधाला प्रथम उजेडच दिसणार. तेच तेज पुढे दर दृश्यात येऊ लागते तेव्हा मात्र ते सजावट होते.

म्हणजे दाखवून केलेला प्रकाश वाईटच, असे माझे म्हणणे नाही. 'कागज़ के फूल' (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून बाहेरचे ऊन स्टुडिओत वळवले आणि छतापासून जमिनीपर्यंत प्रकाशाचा एक तिरपा झोत उभा केला. त्याच्या दोन बाजूंना स्त्री-पुरुष. एकमेकांजवळ येऊ पाहणारी आणि येऊ न शकणारी. तो झोत कोणापासून लपत नाही. रिकाम्या स्टुडिओत वरून ऊन येते आणि धूळ तरंगते, हे पटते. मूर्तींना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिलेच छायालेखक. मूर्ती आणि मित्र यांचे मार्ग परस्परविरुद्ध. मला मित्र यांचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, हे मी लपवीत नाही, पण दोघेही उजेडाला कारण देतात.

कारण नसलेला उजेड पाहायचा असेल तर आजकाल कोणत्याही लग्नाला चर्चमध्ये यावे. वधूवर वचने देत असतात आणि त्यांच्या तोंडावर व्हिडिओवाल्याने एवढा दिवा धरलेला असतो की वेदीवरच्या मेणबत्त्या जळत आहेत की विझल्या, हेही कळू नये. नंतर चित्रफितीत सारे चर्च पांढरेफटक दिसते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी त्या उंच खिडक्या बांधल्या त्यांना सकाळी दहाचे ऊन कोठे पडावे याची अक्कल होती. आपण पैसे मोजून ती झाकतो.

काही वाचक विचारतील, श्रद्धा हरवलेल्या पाळकाचा चित्रपट एका धर्मगुरूने कॅथलिक कुटुंबांपुढे का ठेवावा? प्रश्न रास्त आहे. १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची निवडक यादी प्रसिद्ध केली. तीत बर्गमनचे दोन चित्रपट आहेत, 'द सेव्हन्थ सील' आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'. 'विंटर लाइट' नाही. निवड करणाऱ्यांविषयी पूर्ण आदर बाळगून मला वाटते की त्यांनी संवाद ऐकले आणि उजेडाकडे पुरेसे पाहिले नाही. संवादांत टोमास देवाच्या मौनाविषयी बोलत राहतो. तो बोलतो तेवढे आपण ऐकले तर चित्रपट नास्तिकाचा वाटेल. पण कॅमेरा त्याच्या बाजूने बोलत नाही. तो सांत्वन करीत नाही, तसाच टोमासच्या निराशेला काळोखाची साथही देत नाही. निराशेचे चित्र काढताना काळ्या सावल्या ओतणे किती सोपे होते! त्याऐवजी शेवटपर्यंत सर्वांवर सारखाच पडणारा, कोणाचीही बाजू न घेणारा उजेड. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच सूर्य उगवतो, हे शुभवर्तमानातील वचन आपण ऐकलेले आहे. पडद्यावर ते पाहायचे तर कसे दिसेल, याचे उत्तर मला येथे मिळते. बर्गमनला ते अभिप्रेत होते काय, हा प्रश्न मला गौण वाटतो.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, हे मात्र स्पष्ट सांगतो. आत्महत्येचा विषय आहे, आणि ज्या घरात तसे दुःख ताजे आहे तेथेही जपून.

अखेरच्या भागात आल्गोट हा चर्चचा सेवक टोमासला भेटतो. रेल्वेत काम करीत असता झालेल्या अपघाताने त्याचे शरीर वाकले आहे, वेदना त्याची नित्याची सोबतीण आहे. तो सांगतो की शुभवर्तमानांतील दुःखसहनाचा वृत्तांत त्याने वाचला. क्रूसावरचे शारीरिक क्लेश तेवढे मोठे नसावेत, तसे तर आपणही भोगले, असे त्याला नम्रपणे वाटते. शिष्य गेथसेमनीत झोपी गेले आणि क्रूसावर पित्याने उत्तर दिले नाही, हे प्रभूला अधिक जड गेले असावे. सेमिनरीत दुःखसहनावर जे काही शिकवले गेले त्यात या अपंग सेवकाच्या चार वाक्यांच्या तोडीचे फार थोडे होते. दृश्य अगदी साधे आहे: दोन माणसे, चर्चमागची खोली, ओसरता दिवस. आल्गोट बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेज येत नाही. येऊ दिले असते तर सारे बिघडले असते.

मग घंटा वाजते. बाकांवर कोणी नाही, एकटी मार्टा बसली आहे, आणि तिचा तर देवावर विश्वास नाही. टोमासने सायंप्रार्थना रद्द केली तरी कोणी बोल लावणार नाही. बर्गमनने आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हा शेवट त्याला वडिलांनी दिला. वडील स्वतः पाळक. या चित्रपटाच्या तयारीत ते दोघे अप्सालाच्या आसपासची चर्चेस पाहत हिंडत होते. एका रविवारी एका गावी मोजकेच लोक होते आणि तेथील पाळकाने प्रकृतीचे कारण सांगून प्रभुभोजनाचा विधी गाळण्याचे ठरवले. वृद्ध वडील उठले, तडक आत गेले आणि पाळकाबरोबर स्वतः वेदीपाशी उभे राहून त्यांनी विधी पार पाडला. बर्गमनने काय घ्यायचे ते घेतले. टोमास उठतो, वेदीपुढे येतो, आणि रिकाम्या बाकांकडे पाहत परमेश्वराच्या पावित्र्याची घोषणा करून प्रार्थनेला आरंभ करतो. बाहेर अंधारू लागले आहे, आतला उजेड सकाळच्यापेक्षा निराळा झाला आहे. कसा ते शब्दांत सांगण्यापेक्षा पाहावे हे उत्तम.

पाहताना एक करा. हल्लीच्या दूरदर्शन संचांत चित्र अधिक भडक करण्याची सोय असते आणि दुकानातून संच आणला की ती बहुधा सुरूच असते. ती बंद करावी, नाहीतर नीक्विस्टने आठवडे घालवून शोधलेले करडे रंग एकतर काळे होतात किंवा पांढरे. खोलीतला ट्यूबलाइट मालवावा, पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर पडदा ओढावा. चित्रपट ८१ मिनिटांचा आहे. संवाद स्वीडिश आणि खाली अक्षरे इंग्रजीत, तेव्हा घरातील आजी-आजोबांना शेजारी बसून कोणीतरी हळू आवाजात मराठीत सांगत राहावे. पत्राच्या प्रसंगात मात्र सांगणाऱ्याने थोडे थांबावे आणि चेहऱ्याकडे पाहू द्यावे.